आभाळात आधी कोण?

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या अमरावतीच्या गल्लीत लोक ठरलेले प्रश्न विचारतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, रस्सा झेपला का, चपला आणल्या का. दर्शन झालं. रस्सा झेपला नाही. चपला आणल्या, त्या अजून चावतात. विमानांची टक्कर कशी टाळावी हे शिकून आलात का, असं मात्र कुणी विचारत नाही. आणि मी आणलेली खरी चीज तर तीच आहे, म्हणून न विचारता सांगते.

मंगळवार पेठ

माझा धाकटा भाऊ वसंता नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूरला गेला, तिथल्याच शालनशी लग्न करून तिथलाच झाला. त्यांची एकुलती एक मुलगी मंदा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या महिन्यात शालनचा ट्रंककॉल आला. निम्मा वेळ "हॅलो, ऐकू येतंय न्हवं?" यातच गेला. मग ती घाईघाईने म्हणाली, "वन्सं, मंदी विमान चालवाय लागलीया. परवा दुसऱ्या विमानावर आदळता आदळता राहिली. तुम्ही या आन तिला समजवा. तुमचं ऐकती ती."

माणूस चंद्रावर जाऊन आला तरी आमच्या घराण्यातलं कुणी गच्चीच्या वर गेलेलं नव्हतं. मी त्याच दिवशी बॅग भरली. मंदा माझं ऐकते, हे खरंच. पण मी तिला काय सांगणार, हे शालनने विचारलं नव्हतं, आणि मीही बोलले नव्हते.

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तो अखेर संपला.

कोल्हापुरी माणूस बोलतो भांडल्यासारखं आणि वागतो सासुरवाडीला आल्यासारखं. स्टेशनबाहेर शहर बसच्या दारात दोन भरदार मिशांचे गृहस्थ एकमेकांवर ओरडत होते. मला वाटलं, आता हाणामारी होणार.

"व्हा की पुढं!"

"आवो, तुम्ही व्हा!"

"पावणं, तुम्ही वडील माणूस हाईसा, आधी तुम्ही!"

"मला काय घाई हाय? तुम्ही व्हा म्हणतोय न्हवं!"

शेवटी कंडक्टर म्हणाला, "दोघंबी हितंच ऱ्हावा. मी जातो." आणि घंटी मारली. आमच्या अमरावतीत आधी बसमध्ये शिरतात, खिडकीजवळची जागा धरतात, आणि मग खाली राहिलेल्याला "या ना, या ना" म्हणतात. दोन्ही पद्धतींत प्रेम आहे. आमच्या पद्धतीत बस मिळते.

मंगळवार पेठेतल्या घराच्या उंबऱ्यात शालनने पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डोळे भरून म्हणाली, "वन्सं, आता तुम्हीच काय ते करा."

"अगं, आधी चहा तरी कर."

"चहा ठिवलाय की. चहानं काय हुतंय?"

तेवढ्यात मागून मंदा आली. उंच, दोन वेण्या, आणि हातांना इंजिनाच्या तेलाचा वास. मला मिठी मारून कानात म्हणाली, "आत्या, मला खाली ओढायला बोलावलंय न्हवं तुला?"

"हो."

"मग आधी वर काय हाय ते बघ तरी."

संध्याकाळी वसंताने मला गंगावेशीला नेलं. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि धार तुमच्यासमोर काढून, फेसासकट, कोमट दूध हातात देतात. आम्हाला दूध घराच्या दारी, पाण्याशी ओळख करून मगच भेटतं. मी ग्लास तोंडाला लावला तसा वसंता हळूच म्हणाला, "ताई, परवानगी मीच दिली. आता शालन माझ्याशी बोलत नाही, आणि मलाच भीती वाटते हे तिला सांगता येत नाही."

रात्री तांबडा रस्सा होता. आम्ही वऱ्हाडातले लोक तिखटाला भीत नाही, असं मी पहिल्या घासाआधी जाहीर केलं. दुसऱ्या घासानंतर मी काहीच जाहीर केलं नाही. शालनने पांढऱ्या रश्शाची वाटी पुढे सरकवली.

उजळाईवाडीचा माळ

दुसऱ्या दिवशी मंदा मला घेऊन गेली. गावाबाहेर उजळाईवाडीला मोठा माळ आहे. सगळीकडे वाळलेलं पिवळं गवत, मधोमध धावपट्टी, भोवती नजर जाईल तिथवर ऊस. गुऱ्हाळांचे धूर सरळ उभे होते आणि हवेला काकवीचा वास होता. पत्र्याच्या एका शेडमध्ये विमान शिकवणारा लहानसा क्लब. बाहेर खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लोंबत होती. पायजम्याचा एकच पाय वाळत घालावा तशी.

विमान पाहून मी निराश झाले. दोन माणसांचं, पंख डोक्यावर, पुढचा पंखा हाताने फिरवून चालू करायचा. आमच्या शाळेच्या नाटकात आम्ही पुठ्ठ्याचं पुष्पक केलं होतं, ते याहून ऐटदार होतं.

मंदाचे शिक्षक बागवान सर. एअरफोर्समधून निवृत्त झालेले, पांढरी दाढी बारीक कातरलेली. त्यांचं घराणं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या फळांच्या धंद्यात. त्यांनी आल्या आल्या माझ्या हातात पेरू ठेवले आणि म्हणाले, "आमच्या घरात समदी फळं विकत्यात. मी एकटाच उडालो."

मी थेट मुद्द्यावर आले. "सर, आभाळ एवढं मोठं. दोन विमानांना आदळायला जागा मिळते तरी कशी?"

"ताई, आभाळ मोठं हाय, पर उतरायची जागा एवढीच हाय. समद्यांना हितंच यायचं. अंबाबाईच्या दारात गर्दी हुती ना, तसं."

शेजारच्या उसावर औषध फवारायला एक पिवळं विमान येतं. ते चालवणारे सर्जेराव, सरांचे जुने दोस्त. फवारणीला वारा पडलेला लागतो, नव्या पोरांना शिकवायलाही वारा पडलेलाच लागतो. म्हणून सकाळची तीच शांत वेळ दोघांना हवी असते. दोन्ही विमानांत रेडिओ नाही. त्यामुळे वरती भेट झाली की डोळे आणि नियम, एवढ्यावरच सगळं चालतं.

"नियम सोपा हाय," सर म्हणाले. त्यांनी माझ्याच हातातले दोन पेरू घेऊन टेबलावर ठेवले. "दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत असल्या, तर ज्याला दुसरा आपल्या उजव्या हाताला दिसतो, त्यानं वाट द्यायची. उजवीकडं वळून, दुसऱ्याच्या मागनं जायचं. आन दुसऱ्यानं काय करायचं? कायबी न्हाय. सरळ जायचं."

"मग त्या दिवशी काय झालं?"

सरांनी मंदाकडे पाहिलं. मंदाने मान खाली घातली.

"त्या दिवशी सर्जेराव हिच्या उजव्या हाताला हुता. वाट हिनं द्यायची. हिनं बरोबर उजवीकडं वळवलं. पर त्यानं बघितलं, पोरगी हाय, शिकतीया. म्हणला, लेकीला आधी जाऊ द्यावं. आन त्यो वळला डावीकडं." त्यांनी दोन्ही पेरू फिरवले. दोन्ही पेरू एकमेकांच्या तोंडासमोर आले. "मी शेजारी बसलो हुतो. दांडा हिसकून विमान खाली दाबलं म्हणून हितं बसून पेरू खातोय."

मला एकदम ती स्टेशनबाहेरची बस आठवली, आणि हसू यायच्या जागी अंगावर काटा आला.

मग सरांनी त्यांची खास शिकवणी काढली. नवा विद्यार्थी वर एकटा जायच्या आधी सर त्याला जमिनीवर सायकल चालवायला लावतात. धावपट्टीच्या कडेला चुन्याच्या फक्कीने दोन रेघा आखलेल्या होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. एका रेघेवर मंदा. दुसऱ्या रेघेवर सर्जेराव हवे होते, ते पलीकडे आपल्या विमानात औषधाची टाकी भरत होते.

"मी येते ना!" मी म्हणाले. कॉलेजात मी सायकलवर जात असे. त्याला आता बरीच वर्षं झाली आहेत, हे मी सरांना सांगितलं नाही. पदर खोचला, बसले आणि निघाले.

मंदा माझ्या उजव्या हाताला होती, म्हणजे वाट मी द्यायची आणि तिने सरळ जायचं. मागून सर ओरडत होते, "मंदा, आत्याकडं बघ! हँडलाच्या म्होरं सरकतीया का मागं पडतीया?"

"एकाच जागी हाय, सर!"

"म्हंजे आदळणार! जे आपल्या नजरंत सरकतंय त्याचं भ्या न्हाय. जे एकाच जागी ऱ्हाऊन नुसतं मोठं हुतंय, ते अंगावर येतंय!"

मोठं होतंय, हा शब्द मला लागला, पण ती वेळ नव्हती. मी नियमाप्रमाणे ऐटीत उजवीकडे वळून तिच्या मागून जायला निघाले. आणि मंदाने मध्येच ब्रेक दाबून सायकल थांबवली.

पुढचं थोडक्यात. मी, माझी सायकल, तिची सायकल आणि मंदा, या क्रमाने उसाच्या बांधावर पडलो. माझ्या साडीचा काठ साखळीत अडकला. एक शेळी येऊन पाहून गेली.

"का थांबलीस?" सरांनी विचारलं.

मंदा रडवेली झाली. "आत्या हाय, सर. वडील माणसाच्या म्होरनं आडवं कसं जायचं?"

सर खाली गवतातच बसले. आवाज मात्र एकदम मऊ झाला.

"बाळ, आभाळात आत्या नसती. मामा नसतो, पावणा नसतो. तू सरळ जाशील, ह्या भरवशावर समोरचा वळत असतोय. तू मान द्यायला थांबलीस, की त्याचा भरवसा मोडला. वर सरळ जाणं ह्योच मान."

एव्हाना माझी साडी साखळीतून सोडवायला एक दांडगा गृहस्थ येऊन वाकला होता. मिशांना औषधाचा उग्र वास. हेच सर्जेराव. काठ सोडवून त्यांनी मला हात जोडले. "ताई, चूक माझी हाय. पोरगी बघितली की हात आपसूक वळतो बगा. दारात, बोळात, कुठंबी. आता आभाळातबी वळला."

"मग सायकलवर बसा," मी म्हणाले. "तुमचा हात सरळ करू."

सकाळभर आम्ही तिघं त्या रेघांवर फिरलो. सर्जेराव मंदाला वाट द्यायला शिकले ते फक्त द्यायची तेव्हाच, आणि मंदा न थांबायला शिकली. पहिल्यांदा ती माझ्या पुढून सरळ निघून गेली तेव्हा जोरात ओरडली, "आत्या, माफ कर!" दुसऱ्या वेळी नुसतीच हसली. तिसऱ्या वेळी तिने तेही केलं नाही. मला तीच फेरी सगळ्यात आवडली.

जोतिबा

त्यानंतरच्या दिवशी शालन मला जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेली. तिथे पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, कुत्रीसुद्धा गुलाबी. दुकानवाल्या बाईने गुलाल-खोबऱ्याची पुडी देता देता माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून म्हटलं, "ही आता परत पांढरी व्हायची न्हाय हं." तिचं म्हणणं खरं ठरलं आहे.

शालनने गुलाल उधळला, डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. बाहेर येऊन आम्ही कठड्यावर बसलो. खाली शेतांचे तुकडे, दूर पंचगंगेची रेघ.

"काय मागितलंस?"

"विमान चालूच हुऊ नये."

मी हसले. ती हसली नाही.

"वन्सं, लहानपणी तिला ताप आला की मी रातभर कपाळावर पट्ट्या ठिवत बसायची. पडली की हळद लावायची. आता ती वर गेली, की मला खालनं कायबी करता येत न्हाय. नुसतं हातावर हात." तिने गुलालाने माखलेले दोन्ही हात माझ्यापुढे उघडले. "मला विमानाचं भ्या न्हाय हो. ह्या रिकाम्या हातांचं हाय."

मी तिचा एक हात धरला, आणि माझाही गुलाबी झाला.

मग ती म्हणाली, "तुम्ही मंदीला कायबी समजावलं न्हाईसा."

"नाही."

"ठावं हाय मला. सायकलीवरनं पडलासा ते सर्जेरावांच्या बायकोनं सांगितलं."

रात्री जेवताना शालनने ताटावरून मान वर न करता विचारलं, "एकटीनं उडायचं कधी हाय?"

"उद्या सकाळी." मंदाने घास खाली ठेवला. "आई, एकदाच ये. बघ. बघून तू न्हाई म्हणालीस, तर परत त्या माळावर पाय ठिवणार न्हाय. आत्याच्या समोर सांगती."

वसंता पाणी प्यायला उठला आणि बराच वेळ पीतच राहिला.

"येती," शालन म्हणाली.

पुन्हा उजळाईवाडी

सकाळी वारा अजिबात नव्हता. कापडी पिशवी खांबाला चिकटून झोपली होती. धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलून झाल्या. सर्जेराव उजाडतानाच निघून गेले होते. लांबच्या शिवारात फवारतो, पण टाकी संपली की भरायला यावंच लागेल, असं सरांना सांगून.

मंदा आणि सर एक फेरी मारून उतरले. मग विमान थांबलं, दार उघडलं, सर एकटेच बाहेर आले. त्यांनी दार बाहेरून नीट लावलं, त्यावर थाप मारली आणि आमच्याकडे चालत आले. आता आत मंदाशिवाय कुणी नव्हतं.

शालनने पदर डोळ्यांवर ओढला. "मला न्हाय बघवत, वन्सं. तुम्ही सांगा."

सांगणं हे तर माझं काम. मी कुस्तीच्या फडातल्या निवेदकाचा आवाज लावला. "मंडळी, मंदाताई निघाल्या! वेग घेतला! शेपटी उचलली! आणि हे बघा, पाय जमिनीवरून सुटले! आता मंदाताई उसाच्या वर! आता गुऱ्हाळाच्या धुराच्या वर! वळल्या! काय वळण आहे, वा!"

शालनच्या ओठांवर हसू फुटू लागलं. पत्र्याच्या शेडमागे वसंता सिगारेट ओढत असल्याचं नाटक करत होता. सिगारेट पेटवलेलीच नव्हती.

मंदा फेरीच्या लांब बाजूवर आली, आमच्या समोरून सरळ जाणारी. आणि तिच्या डाव्या बाजूने, उसावरून, पिवळं विमान वर आलं. सर्जेरावांची टाकी संपली होती.

मी गप्प झाले.

खालून दोघांच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या. फक्कीच्या त्या रेघाच कुणी उचलून वर लावल्यासारख्या.

"गप का झालासा? बोला की!"

"सरळ चाललीय."

"आन मग?"

"डावीकडून सर्जेराव येतायत."

शालनची बोटं माझ्या दंडात रुतली. "वळणार कोण?"

"ते. मंदा त्यांच्या उजव्या हाताला आहे."

"त्यास्नी ठावं हाय न्हवं?"

"ठावं आहे."

"आन मंदीला?"

माझ्या बाजूला बागवान सर उभे होते, हात पाठीमागे, ओठ हलत होते. "थांबू नको, बाळ. मान देऊ नको. सरळ."

मंदाच्या विमानाचा डावा पंख किंचित उचलला गेला. त्याखालून ती त्यांच्याकडे बघत असणार. माझ्या मनात आलं, वळतेय. ही वळतेय. वडील माणूस आडवा आला आणि हिचा जन्म मंगळवार पेठेतला, वळणारच ही. पंख क्षणभर तसाच राहिला. मग पुन्हा सपाट झाला. विमान वाटेवरून इंचभरही हललं नाही. ती सरळ जात राहिली.

पिवळं विमान कललं. उजवीकडे. नीट, मोठं, ऐसपैस वळण घेऊन ते मंदाच्या मागून निघून गेलं. दोघांच्या मध्ये एवढं आभाळ होतं की एखादी लग्नाची वरात मावली असती.

सरांनी डोळे पुसले आणि उगाच म्हणाले, "धूर लई हाय आज."

मंदा उतरताना विमान दोनदा उडालं, कोंबडी उडते तसं, आणि मग जमिनीवर बसलं. मला सांगायला हवं होतं, पण माझा निवेदकाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. मी नुसतं म्हणाले, "शालन, आली गं."

मंदा चालत आली. तिने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. सरळ आईपुढे येऊन उभी राहिली. मागून सर्जेरावही उतरले होते. ते बरेच मागे थांबले, टोपी हातात घेऊन.

"आई, बघितलंस?"

शालनने पदर खाली केला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी "हो म्हण, हो म्हण" अशी मान हलवली. शेडमागून वसंतानेही हलवली.

"न्हाई," शालन म्हणाली. "डोळंच उघडलं न्हाईत."

मंदाचा चेहरा उतरला. ठरलेलं होतं, आईने बघायचं आणि मग सांगायचं. तिने मान डोलावली.

शालनने तिच्या दोन्ही वेण्या पाठीवरून पुढे घेतल्या, एकीची सुटलेली रिबीन पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाली, "न बघता कसं सांगू मी? परत जा. ह्या खेपंला बघती."

सरांनी पेट्रोलसाठी हाक मारली. मंदा पळतच निघाली. ती विमानापर्यंत पोचलीही नव्हती. पण शालनने पदर कमरेला खोचला, मान वर केली आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, सगळं आभाळ बघायला सुरुवात केली.